तांबडी पेशी कधी मरते, हे कोण ठरवते?

निरोगी माणसाच्या रक्तात तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. सिकलसेल झालेल्याच्या रक्तात ती १० ते २० दिवसांत संपते. नंदुरबार जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात, अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी, मोलगी, डाब या भागात आणि पलीकडे धडगावात, या आकड्यांचा अर्थ लोकांनी अंगावर सोसलेला आहे. मुलाचे डोळे पिवळे होतात, तान्ह्या बाळाचे हातपाय सुजतात, थंडी पडली की हाडे ठणकू लागतात, अंगात रक्त म्हणून टिकत नाही. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. सुदाम काटे यांनी राज्याच्या आदिवासी भागांत अनेक वर्षे रक्ततपासणी केली. भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा जमातींत सिकलसेलचे जनुक असलेल्यांचे प्रमाण २० ते ३५ टक्के असल्याचे त्यांच्या पाहणीत दिसले. यांतले बहुतेक वाहक असतात, म्हणजे आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच त्यांना हे जनुक मिळालेले असते. दोघांकडून मिळते ते मूल ग्रस्त होते. काटे यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा या आजाराचे नाव पुण्यामुंबईच्या वर्तमानपत्रांतही चार दिवस गाजले.

आजाराची गोष्ट सहसा आकारापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते. ऑक्सिजन कमी झाला की असे बदललेले रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे तयार करतात, पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. १९४९ साली लायनस पॉलिंग यांनी हा रेणूचा आजार असल्याचे दाखवले आणि पुढच्या दशकात व्हर्नन इन्ग्रॅम यांनी नेमका बदल शोधला. एवढे शाळेच्या पुस्तकांतही येते. परंतु वाकलेली पेशी अडकते हे एक, आणि ती मरते हे दुसरे. ती कुठे मरते, कोणत्या प्रथिनांच्या हुकमाने मरते आणि मेल्यावर तिच्या पोटातल्या ऐवजाचे काय होते, या प्रश्नांवर गेल्या ३०-३५ वर्षांत पुष्कळ काम झाले आहे. माझ्या मते सिकलसेलकडे आता पेशीच्या मरणाची वेळ बिघडवणारा आजार म्हणून पाहायला हवे. तसे पाहिले की गोळ्यांपासून जनुक-संपादनापर्यंतचे सगळे उपचार एका सूत्रात बसतात.

आधी मूळ यंत्रणा. १९७२ साली केर, वायली आणि करी या तिघांनी ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सरमध्ये एक शोधनिबंध छापला. काही पेशी जखमेने फुटून मरत नाहीत, त्या आक्रसतात, त्यांचे नीटनेटके तुकडे पडतात आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात, असे त्यांनी मांडले. हे मरण अपघाताचे नव्हते, त्याला क्रम होता. क्रम आहे म्हणजे तो लिहून ठेवणारी जनुकेही असणार. ती एका इवल्या सूत्रकृमीत सापडली. या कृमीच्या वाढीत १०९० कायिक पेशी जन्मतात आणि त्यांतल्या १३१ ठरलेल्या वेळी मरतात. रॉबर्ट हॉर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेने मरण घडवणारी दोन जनुके आणि ते रोखणारे एक जनुक वेगळे काढले. २००२ चे नोबेल सिडनी ब्रेनर, जॉन सल्स्टन आणि हॉर्विट्झ यांना याच कामाबद्दल मिळाले.

माणसातला धागा कर्करोगाकडून हाती आला. एका प्रकारच्या लिम्फोमात गुणसूत्रांची अदलाबदल होऊन बीसीएल-२ नावाचे प्रथिन बेसुमार तयार होते. ते पेशीला भराभर विभागायला लावत असेल, असा तेव्हाचा समज होता. १९८८ साली मेलबर्नमध्ये डेव्हिड वॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की बीसीएल-२ पेशीला वाढवत नाही, मरू देत नाही. कर्करोगाचा सगळा विचार त्यामुळे हलला. मरायचे विसरलेली पेशीही गाठ करू शकते, हे तोवर कुणी इतक्या स्पष्टपणे दाखवले नव्हते.

बीसीएल-२ चे घराणे मोठे आहे आणि त्यात एकमेकांच्या विरोधात उभे असलेले भाऊबंद आहेत. बीसीएल-२ आणि बीसीएल-एक्सएल जीव राखतात. बॅक्स आणि बॅक हे दोघे मायटोकाँड्रियाच्या बाहेरच्या आवरणाला भोके पाडतात. बिम, पुमा, नोक्सा अशी लहान प्रथिने पेशीत काय बिघडले आहे याची वर्दी देतात आणि राखणदारांना अडवून धरतात. डीएनए तुटला की पी५३ जागे होते आणि पुमाचे उत्पादन वाढवते. राखणदार कमी पडले की बॅक्स-बॅकची भोके पडतात आणि आतला सायटोक्रोम-सी बाहेर येतो. एरवी श्वसनात इलेक्ट्रॉन वाहून नेणारे हे प्रथिन मरणाची साखळी सुरू करते, हे शियाओडाँग वाँग यांनी १९९६ साली दाखवले, तेव्हा अनेकांचा त्यावर विश्वास बसला नव्हता. सायटोक्रोम-सी अपाफ-१ ला भेटतो, सात जोड्यांचे चक्र तयार होते, त्यावर कॅस्पेस-९ जागे होते आणि ते कॅस्पेस-३ ला कापून कामाला लावते. कॅस्पेस-३ मग शेकडो प्रथिने ठरावीक जागी कापते. बाहेरून हुकूम येण्याचा रस्ता वेगळा आहे: फास नावाच्या ग्राहकाला शेजाऱ्याने हात लावला की कॅस्पेस-८ मार्फत तीच कात्री चालू होते. या कात्र्यांवर बसलेले एक्सआयएपी हे झाकण, आणि ते झाकण उडवणारी मायटोकाँड्रियातली प्रथिने, हा आणखी एक थर. त्यांतल्या एचटीआरए-२ या प्रथिनाच्या रचनेवर आपल्या खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक संस्थेत काकोली बोस यांच्या प्रयोगशाळेने सातत्याने काम केले आहे.

आता तांबड्या पेशीकडे येऊ. ती या सगळ्या यंत्रणेशी जन्मापासून झगडत वाढते.

अस्थिमज्जेत दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार होतात. त्यांच्या पूर्वज पेशी मुळात मरायला टेकलेल्या असतात. मूत्रपिंडातून येणारे एरिथ्रोपोएटिन त्यांना जगवते, हे कौरी आणि बाँड्युरंट यांनी १९९० साली सायन्समध्ये मांडले. हे संप्रेरक पोचले की पेशीत बीसीएल-एक्सएल वाढते आणि मरण लांबते. रक्त कमी झाले की संप्रेरक वाढते आणि एरवी मेल्या असत्या अशा हजारो पेशी वाचतात. शरीर तांबड्या पेशींची संख्या बरीचशी अशा रीतीने राखते, पेशी अधिक तयार करून कमी आणि मरू न देऊन जास्त. मला स्वतःला या विषयातली ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

त्याच्या पुढची पायरी त्याहून अवघड. पेशी पक्व होताना तिच्यात कॅस्पेस-३ खरोखरच जागे होते. ते बंद पाडले तर पक्वता अडते, म्हणजे मरणाची कात्री इथे घडवण्यासाठी वापरली जाते. मग पेशी मरत का नाही? २००७ साली नेचरमध्ये फ्रान्सच्या गटाने उत्तर दिले. एचएसपी-७० हे प्रथिन केंद्रकात शिरते आणि गाटा-१ ला कवेत घेते. गाटा-१ हे तांबडी पेशी घडवणारे मुख्य प्रथिन, कॅस्पेस-३ च्या तावडीत सापडणारे. एचएसपी-७० केंद्रकात असेल तर गाटा-१ वाचते आणि पेशी पक्व होते. ते बाहेर राहिले तर गाटा-१ कापले जाते आणि पेशी मरते. एवढ्या एका प्रथिनाच्या जागेवर पेशीचे नशीब ठरते.

यानंतर केंद्रक बाहेर टाकले जाते आणि मज्जेतली मोठी भक्षक पेशी ते गिळते. मायटोकाँड्रियाही काढून टाकले जातात, आणि ते काम निक्स करते, जे बीसीएल-२ च्याच घराण्यातले आहे. सिकलसेलग्रस्तांच्या रक्तातल्या काही पक्व पेशींत मायटोकाँड्रिया राहून गेलेले आढळतात, म्हणजे ही साफसफाईही तिथे अर्धवट राहते.

रक्तात उतरलेल्या पेशीला केंद्रक नाही, मायटोकाँड्रिया नाहीत, बॅक्स-बॅकचा रस्ता बंद. प्लेटलेटचे तसे नाही. तिचे आठ-दहा दिवसांचे आयुष्य बीसीएल-एक्सएल आणि बॅक यांच्या ताणातून ठरते, म्हणून बीसीएल-एक्सएल अडवणारे औषध दिले की प्लेटलेट घसरतात. तांबड्या पेशीचे मरण मात्र तिच्या कातडीवर लिहिले जाते. फॉस्फाटिडिलसेरिन हा मेदरेणू निरोगी पेशीच्या आवरणाच्या आतल्या बाजूला ठेवलेला असतो आणि त्याला आत ओढणारी प्रथिने सतत राबत असतात. पेशीत कॅल्शियम शिरले की ती थकतात, उलटापालट करणारी प्रथिने चालू होतात आणि हा रेणू बाहेर येतो. प्लीहेतल्या भक्षक पेशींसाठी ती गिळण्याची खूण. याविरुद्ध सीडी-४७ हे प्रथिन ‘मला सोड’ असे सांगत असते. २००० साली उंदरांवर दाखवले गेले की सीडी-४७ नसलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडल्या तर प्लीहा त्या लगेच उचलते.

सिकलसेलमध्ये या वाटेवरची जवळजवळ प्रत्येक पायरी बिघडते. रक्तातली गडबड बराच काळ माहीत होती: दोरे बनताना-मोडताना आवरण ताणले जाते, कॅल्शियम आत येते, पाणी निघून जाते, फॉस्फाटिडिलसेरिन बाहेर पडते, पेशी काही दिवसांत गिळली जाते किंवा रक्तवाहिनीतच फुटते. मज्जेतले नुकसान मात्र दुर्लक्षित राहिले. मज्जा झपाट्याने काम करते आहे, म्हणजे तिथे सगळे ठीक असणार, असे गृहीत धरले गेले. २०२१ साली पॅरिसच्या संशोधकांनी रुग्णांच्या मज्जेतले नमुने तपासले तेव्हा पक्वतेच्या शेवटच्या टप्प्यांत मोठ्या प्रमाणात पेशी मरताना दिसल्या. मज्जेत ऑक्सिजन मुळात कमी. तिथे सिकल हिमोग्लोबिनचे दोरे बनतात आणि एचएसपी-७० केंद्रकाबाहेरच अडकून पडते. बीटा थॅलसेमिया या हिमोग्लोबिनच्याच दुसऱ्या आजारात काहीसे असेच घडते, हे २०१४ साली दिसले होते.

पॅरिसच्या त्या अभ्यासातला दुसरा निष्कर्ष आपल्यासाठी अधिक मोलाचा आहे. ज्या पेशींत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन, म्हणजे एचबीएफ, पुरेसे होते त्या वाचल्या. म्हणजे रुग्णाच्या रक्ततपासणीत जे एचबीएफ दिसते त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: किती पेशींनी ते तयार केले आणि ते नसलेल्या किती पेशी वाटेतच मेल्या. कागदावरचा टक्का वाचताना हे विसरून चालत नाही.

पेशी फुटली की तिच्यातले हिमोग्लोबिन आणि त्यातले हीम मोकळे होतात. त्यांना अनुक्रमे उचलून नेणारी हॅप्टोग्लोबिन आणि हीमोपेक्सिन ही प्रथिने सिकलसेलग्रस्तांत संपून गेलेली असतात. मोकळे हीम रक्तवाहिन्यांच्या अस्तराला भडकवते आणि इतर पेशींना निराळ्या प्रकारे मारते. नियोजित मरणाचे प्रकार आता पुष्कळ माहीत आहेत. आरआयपीके-३ आणि एमएलकेएल यांच्यामार्फत पेशी फोडणारे नेक्रोप्टोसिस, २०१२ साली नाव मिळालेले, लोहाने मेद जळून घडणारे फेरोप्टोसिस, गॅसडर्मिनने भोके पाडणारे पायरोप्टोसिस. उंदरांमध्ये हीममुळे भक्षक पेशींचे नेक्रोप्टोसिस आणि सिकलसेलमध्ये हृदयाच्या स्नायूंचे फेरोप्टोसिस दिसले आहे. ही मरणे सूज वाढवतात, शांतपणे गिळल्या गेलेल्या पेशीसारखी ती निमूट नसतात. एका जातीच्या पेशींचे अकाली मरण दुसऱ्या पेशींचे वाईट मरण घडवते, आणि खुब्याच्या हाडापासून मूत्रपिंडापर्यंत जे बिघडते त्याचा बराच भाग या साखळीतला आहे.

हे जनुक सातपुड्यात इतके टिकले का, याचे उत्तरही पेशीच्या मरणात आहे. वाहकाला आजार नसतो. पण मलेरियाचा परजीवी त्याच्या तांबड्या पेशीत शिरला की ती पेशी लवकर खुणावली जाते आणि परजीवी वाढण्याआधी भक्षक पेशी तिला गिळतात. अ‍ॅन्थनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ साली आफ्रिकेत वाहकांना मलेरियापासून संरक्षण असल्याचे दाखवले, त्यामागचे एक कारण हे. सातपुड्याच्या जंगलांत पिढ्यानपिढ्या हिवताप होता. ज्या अकाली मरणाने वाहक वाचला, त्याच मरणाने त्याचे एखादे मूल आजारी पडते.

उपचारांत आज हाताशी असलेले औषध हायड्रॉक्सियुरिया. १९९५ सालच्या अमेरिकी चाचणीने दाखवले की त्याने वेदनेचे झटके कमी होतात. ते डीएनएसाठी लागणारा कच्चा माल अडवते, भराभर विभागणाऱ्या पेशी मारते आणि मज्जा सावरताना एचबीएफ जास्त असलेल्या पेशी पुढे येतात. एचबीएफ नेमके का वाढते, याचा उलगडा अजून पूर्ण झालेला नाही. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी मुलांवर कमी, ठरावीक मात्रेची चाचणी घेतली आणि ती उपयोगी ठरली. कमी मात्रा हे आपल्या परिस्थितीला साजेसे आहे, कारण या औषधाबरोबर पांढऱ्या पेशींची मोजणी ठरावीक काळाने करावीच लागते. काठीच्या एखाद्या पाड्यावरून त्यासाठी मोलगीला किंवा थेट नंदुरबारला जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी जाते. गोळी मोफत आहे एवढे सांगून उपचार पोचला असे मी तरी मानणार नाही.

दुसऱ्या टोकाला जनुक-संपादन. बीसीएल-११ए हे प्रथिन प्रौढपणी एचबीएफ बंद ठेवते. नावात साम्य असले तरी बीसीएल-२ च्या घराण्याशी त्याचे नाते नाही. त्याचे उत्पादन तांबड्या पेशींत थांबवणारा कॅस्जेव्ही हा उपचार २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झाला, अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेने विकसित केलेला, बिरसा मुंडांच्या नावाचा देशी उपचारही जाहीर झाला आहे आणि त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे दिले आहे. इथे पेशीमृत्यू पुन्हा दोनदा आडवा येतो. डीएनए कापला की मूळ पेशीतले पी५३ जागे होते आणि संपादित पेशींतल्या काहींची वाढ थांबते किंवा त्या मरतात. आणि त्या पेशी परत देण्याआधी रुग्णाची जुनी मज्जा ब्युसल्फान या औषधाने मारावी लागते. त्यात संसर्गाचा, वंध्यत्वाचा धोका येतो आणि आठवडेच्या आठवडे रुग्णालयात राहावे लागते. सातपुड्यातल्या विशीतल्या तरुणीला हा पर्याय सांगताना किंमत सांगण्याआधी हे सांगायला हवे.

सरकारी पातळीवर महाराष्ट्रात २००८ पासून सिकलसेल नियंत्रण कार्यक्रम आहे, आणि १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे उद्दिष्ट ठेवले आहे. निर्मूलन हा शब्द मला खटकतो, कारण जनुक वाहून नेणारी माणसे इथेच राहणार आहेत आणि त्यांच्या लग्नांवर दडपण आणणे हा त्याचा अर्थ होता कामा नये. तपासणी मात्र हवीच, आणि ती लोक घरी असतील तेव्हा हवी. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि होळीला परततात. होळीआधीच्या भोंगऱ्या हाटापासून काठीच्या राजवाडी होळीपर्यंतच्या दिवसांत सगळा डोंगर भरलेला असतो. त्या दिवसांत हाटातच पावरी आणि भिल्ली बोलींत माहिती मिळावी, आणि रात्रभर घेर धरून नाचणाऱ्या ग्रस्त मुलांना पाणी पीत राहायला, पहाटेच्या गारठ्यात अंग झाकायला सांगणारे कुणी असावे. पाणी कमी पडणे, थंडी आणि अतिश्रम ही झटक्याची नेहमीची कारणे आहेत.

संशोधनातला सर्वांत मोठा अनुत्तरित प्रश्नही मला याच डोंगरात दिसतो. भारतातल्या सिकलसेलमध्ये जनुकाभोवतीची घडण बहुतांशी अरब-भारतीय प्रकारची आहे आणि तिच्यासोबत एचबीएफ जास्त असते, अनेकदा १० ते २५ टक्के. अनेक आदिवासी समूहांत अल्फा थॅलसेमियाही असतो. त्याने प्रत्येक पेशीतले हिमोग्लोबिन कमी होते आणि दोरे उशिरा बनतात. मुंबईच्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेच्या अभ्यासांत नागपूरकडचे रुग्ण अधिक तीव्र आणि वलसाडचे आदिवासी रुग्ण सौम्य असे चित्र दिसले होते. तरीही त्याच घरातल्या दोन भावंडांत एक शेतात राबतो आणि दुसरा दर हिवाळ्यात दवाखान्यात असतो, असे घडते. एका पेशीत साधारण १० पिकोग्रॅम एचबीएफ असेल तर दोरे बनणे रोखता येते, असा अंदाज आहे. सरासरी टक्का सारखा असला तरी तो सगळ्या पेशींत वाटला गेला आहे की मोजक्या पेशींत साठला आहे, यावर कोणत्या पेशी मज्जेत मरणार आणि कोणत्या रक्तापर्यंत पोचणार हे ठरते. प्रत्येक पेशीतले एचबीएफ, आवरणावरचे फॉस्फाटिडिलसेरिन आणि राहून गेलेले मायटोकाँड्रिया हे तिन्ही फ्लो सायटोमीटरने रक्ताच्या थोड्याशा नमुन्यात मोजता येतात, मज्जा टोचावी लागत नाही. नंदुरबारला २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. हे यंत्र आणि ते चालवणारी माणसे तिथे असली, तर कोणत्या मुलाला कमी मात्रेची गोळी पुरेल आणि कोणासाठी जुनी मज्जा मारून नवी रुजवण्याचा धोका पत्करावा लागेल, हे ठरवण्याचा पाया इथल्याच रक्तावरून घालता येईल.